टेम्पोतून आलेले अल्बम

गुरुवार, सोळा जानेवारी दोन हजार पंचवीस. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. अकोल्याच्या न्यायालयाच्या आवारात एक मालवाहू टेम्पो येऊन उभा राहिला आणि माझ्याविरुद्धच्या दाव्यातील कागदपत्रे त्यातून उतरू लागली. कागदपत्रे म्हणजे छायाचित्रांचे सत्तावीस अल्बम. प्रत्येकाला लाल मखमलीचे वेष्टन. उतरवणारे दोघे हमाल मध्येच थांबून आतली चित्रे पाहत होते.

दावा लावणारे गृहस्थ आमच्या भागाचे माजी नगरसेवक. मी सेवानिवृत्त भूकरमापक. तिवशापासून मूर्तिजापूरपर्यंत बत्तीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या. या कामात एक सवय जडते. जे दिसले ते लिहावे आणि लिहिलेले खोडू नये. त्या सवयीपायीच हा दावा माझ्यावर आला.

आमच्या वसाहतीत एक खुली जागा आहे. तिच्या एका अंगाला हातपंप, दुसऱ्या अंगाला दोन फांद्यांत दुभंगलेला कडुनिंब. तेथे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधू, असे नगरसेवकांनी पहिल्यांदा जाहीर केले, तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. नारळ फुटला, कुदळ मारली गेली, काळ्या दगडाची कोनशिला बसली, निवडणूक झाली. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा नारळ फुटला. तिसऱ्या वेळी निवडणूक येणार अशी नुसती हवा होती. निवडणूक आली नाही. नारळ मात्र फुटला. मधल्या काळात हातपंपावर येणाऱ्या बाया कोनशिलेवर कपडे धूत असत. दगड चांगला होता.

तिसऱ्या कार्यक्रमात, ज्येष्ठांनी दोन शब्द बोलावेत म्हणून ध्वनिक्षेपक माझ्यापुढे धरण्यात आला. मी म्हणालो, "याच जागेवरचे हे तिसरे भूमिपूजन आहे. तीन नारळ फुटले. वीट एकही बसली नाही." आणि खाली बसलो. कोणीतरी ते मोबाइलवर टिपले. संध्याकाळपर्यंत ते अमरावतीला माझ्या भाचीच्या हाती पोहोचले होते.

महिन्याभरात समन्स आले. दाव्यात म्हटले होते की अभ्यासिकेचे भूमिपूजन एकदाच झाले. उरलेले दोन कार्यक्रम वेगळ्या कामांचे आणि वेगळ्या जागी होते. प्रतिवादीने खोटे बोलून वादीची बदनामी केली. भरपाई मागितली होती. पण वादीचा खरा आग्रह माफीचा होता. मी त्याच मैदानात, त्याच रहिवाशांसमोर उभे राहून माफीनामा मोठ्याने वाचायचा. वादीच्या वकिलांनी त्याचा मसुदा टंकून पाठवला होता. अकरा ओळींचा. तिसरी ओळ अशी होती: "वयोमानामुळे माझी स्मरणशक्ती क्षीण झाली आहे."

माझ्याजवळ पुरावा नव्हता. कार्यक्रम नगरसेवकांच्या हौसेचे असल्यामुळे सरकारी दप्तरात त्यांची नोंद नव्हती. तिन्ही वेळा माझ्या शेजारी बसून पेढे खाल्लेल्या मंडळींना आता काही आठवत नव्हते. एकाच्या गल्लीत नळ यायचा होता. एकाच्या जावयाची बदली अडली होती. मी कोणाला दोष दिला नाही.

भाची अमरावतीला वकिली करते. माझ्या बहिणीची ती धाकटी मुलगी; न्यायालयात पुस्तकी मराठी बोलते आणि माझ्याशी घरची वऱ्हाडी. वर्षभर नुसत्या तारखा पडल्यावर एके दिवशी आमच्या ओट्यावर बसून तिने दाव्याची प्रत नव्याने वाचायला घेतली. नवव्या परिच्छेदाशी थांबली. पुन्हा वाचला. मग मांडीवर थाप मारली.

"मामा, ह्या माणसानं आपल्याच हातानं ताट वाढून ठेवलं."

"नीट सांग."

"हे पाहा, काय लिवलं. 'वादी यांच्या प्रत्येक लोकोपयोगी कार्याची दिनांकवार छायाचित्रे वादींच्या ताब्यात सुरक्षित आहेत.' आपली इज्जत किती मोठी हाय, हे दाखवाले लिवलं त्यानं. पण दाव्यात ज्या कागदाचं नाव घेतलं, तो समोरच्यानं मांगतला तर दाखवा लागते. कोर्टाचा हुकूम झाल्यावर नाई दाखवला, तर दावाच उडू शकते."

"आणि त्या छायाचित्रांत ते नसेल तर?"

प्रश्न आतून पत्नीनेही ऐकला होता. ती बाहेर आली. वर्षभर दर तारखेच्या आदल्या दिवशी तिचा रक्तदाब वाढत होता.

"अजी, कायले ताणून राहिले? अकरा ओळी त हायेत. वाचा अन् मोकळे व्हा. लोक दोन दिवस हासतीन, मंग इसरतीन."

"मी खोटे बोललेलो नाही."

"मले मालूम हाय. मी काय म्हणून राहिली अन् तुमी काय सांगून राहिले!"

त्या दिवशी मी तिला शब्द दिला. न्यायालयाने छायाचित्रे मागवावीत. त्यांत काही निघाले नाही, तर मी माफीनाम्यावर सही करीन आणि तो मैदानात वाचीन.

भाचीने अर्ज दिला. वादीपक्षाने विरोध केला. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर करून आदेश दिला की वादीने आपल्या ताब्यातील छायाचित्रांची यादी शपथेवर द्यावी आणि ती छायाचित्रे प्रतिवादीला तपासू द्यावीत. तपासणीची तारीख सोळा जानेवारी. म्हणून त्या सकाळी माफीनाम्याची घडी माझ्या शर्टाच्या खिशात होती, आणि तिच्या शेजारी पेन.

सकाळच्या गाडीने भाची आली. मला पाहताच म्हणाली, "मामा, हा स्वेटर कवापासून घालून राहिले तुमी?"

"निवृत्त झाल्यापासून. तुझ्या मामीने विणला आहे."

"बाप्पा! मामीनं लोकर मजबूत वापरली."

तपासणीसाठी आम्हाला एक लांब खोली दिली होती. एका बाजूला आम्ही दोघे, दुसऱ्या बाजूला वादीचे वकील, मध्ये न्यायालयाचा लिपिक. अल्बमांबरोबर एक वृद्ध गृहस्थ आले होते. धुतलेले धोतर, खिशाला दोन पेने. हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. नगरसेवकांचे अल्बम गेली वीस वर्षे हेच लावतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते.

वादीच्या वकिलांचा चेहरा उतरलेला होता. वेचक दहा छायाचित्रे दाखल करून विषय संपवावा, असा त्यांचा सल्ला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितले. अशिलाने तो मानला नव्हता. "वेचक कायले? सगळेच नेऊ," असे नगरसेवक म्हणाले होते. "जजसाहेबाले दिसू द्या, माणसानं काय काय केलं. एकही अल्बम घरी राहू नोका देऊ, गुरुजी." आणि गुरुजींनी राहू दिला नव्हता.

सत्तावीस अल्बम पाहून भाचीने उसासा सोडला. "गुरुजी, ह्याच्यात अभ्यासिका कुठी शोधाची आमी?"

गुरुजींना तो अपमान वाटला. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. "शोधाले कायले लागते? सूची हाय ना जी. 'अ' मदी पाहा."

भाचीने 'अ' उघडला. मी तिच्या खांद्यावरून वाचले. सुंदर, गोल अक्षर. अभ्यासिका भूमिपूजन, प्रथम: अल्बम चार. अभ्यासिका भूमिपूजन, द्वितीय: अल्बम तेरा. अभ्यासिका भूमिपूजन, तृतीय: अल्बम सव्वीस.

लिपिकाने लिहिणे थांबवले.

"गुरुजी," भाचीचा आवाज फार मऊ झाला होता, "हे अक्षर तुमचं?"

"हो जी. चाळीस वर्स फळ्यावर घोटलं हाय."

"मंग इथी 'तृतीय' काहून लिवलं?"

"तिसऱ्यांदा झालं म्हणून. दुसरं काय लिवू?"

वादीच्या वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुरुजी, थांबा जरा," ते म्हणाले. पण गुरुजी वीस वर्षांत प्रथमच कोणाला आपले काम दाखवत होते. ते थांबणार नव्हते. त्यांनी तिन्ही अल्बम स्वतः उघडून शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येक चित्राखाली पांढऱ्या शाईने तारीख, वेळ आणि जागा.

"जागा वेगवेगळ्या असू शकतात," वकील क्षीणपणे म्हणाले. त्यांचे कामच होते ते.

आता मी खिशातली मोजपट्टी काढली. पहिल्या चित्रात हातपंपाचा दांडा कडुनिंबाच्या डाव्या फांदीच्या रेषेत. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात तसाच. पंप आणि झाड यांच्यातले अंतर कुदळीच्या लांबीशी ताडून पाहिले. तिन्ही ठिकाणी सारखे भरले. मग कोनशिला. उजवा वरचा कोपरा टवका उडालेला, तिन्ही वेळा. दगड एकच होता. दुसऱ्या वेळी जुन्या तारखेवर नव्या तारखेचा कागद चिकटवला होता. तिसऱ्या वेळी त्यावर आणखी एक. वाऱ्याने दोन्हींचे कोपरे उचलले होते आणि पहिली तारीख खालून स्पष्ट वाचता येत होती.

एवढे पुरेसे होते. तरी भाची चित्रांवर वाकून बसली होती. तिचे खांदे हलू लागले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती.

"मामा, हे पाहा. इथी. अन् इथी. अन् इथी."

तिन्ही चित्रांच्या डाव्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कपाळाला आठ्या घालून मी बसलो होतो. अंगात हाच राखाडी स्वेटर.

"साक्षीदार त पयल्यापासून फोटोत बसून हाय," ती म्हणाली. "मामा, तीन येळा गेले, एक डाव त स्वेटर बदलाचा!"

लिपिक हसला. गुरुजी हसले. वादीच्या वकिलांनीही चष्मा परत लावून चित्र पाहिले आणि तोंडावर हात धरला. मी हसलो नाही. परंतु खिशातली माफीनाम्याची घडी एकदा चाचपली आणि पेन तिच्यापासून काढून दुसऱ्या खिशात ठेवले.

एवढ्यात नगरसेवक स्वतः आत आले. बाहेर ओळखीच्या लोकांचे नमस्कार घेत होते; आत काय झाले याची त्यांना कल्पना नव्हती. "पाह्यलं का काकाजी, किती काम हाय आपलं?" त्यांनी मला विचारले. वकिलांनी त्यांना कोपऱ्यात नेले. बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी एक वाक्य मोठ्याने आले.

"गुरुजी, तुमी लिवलं काहून असं?"

"तुमीच त म्हणता, भाऊसाहेब, रेकॉर्ड पक्का पाह्यजे."

पावणेतीन वाजता दावा पुकारला गेला. वादीच्या वकिलांनी दावा मागे घेत असल्याचे लेखी दिले. न्यायाधीशांनी कारण विचारले नाही. अल्बम मागवून तीन पाने मात्र पाहिली. चित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा चित्राकडे पाहिले. नजर स्वेटरवर थांबली असे मला वाटले.

"प्रतिवादीला काही सांगायचे आहे?"

"नाही. जे सांगायचे होते ते एकदा सांगितले आहे."

दावा निकाली निघाला. मला आनंद झाला. तो येथे नोंदवून ठेवतो.

बाहेर चहाच्या टपरीवर नगरसेवकांनी आम्हाला गाठले. ते चिडतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चहा मागवला.

"काकाजी, हारलो. आता काय चौथ्यांदा नारळ फोडू?"

"नारळ नको. विटा आणा."

ते मोठ्याने हसले. टपरीवरचे लोक वळून पाहू लागले. "तुमी जागा आखून द्या. सोमवारी मिस्तरी पाठोतो."

"लिहून द्या."

"बाप्पा! गुरुजी, लिवा बरं."

गुरुजींनी पेन काढले. "तारीख टाकतो. अन् खाली 'चतुर्थ' लिवू का जी?"

"नोका लिवू!" नगरसेवक आणि भाची एकदमच ओरडले.

भाची दुपारच्या गाडीने परत गेली. मी घरी पोहोचलो तेव्हा साडेचार झाले होते. पत्नी फाटकातच उभी होती.

"केली सई?"

"नाही."

"मंग?"

"दावा मागे घेतला त्याने."

ती ओट्यावर बसली. मी सूची, गुरुजी, कोनशिलेवरचे कागद सगळे क्रमाने सांगितले. स्वेटरपाशी आलो तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. वर्षभरात मी तिचे हसणे ऐकले नव्हते.

"म्हणजे केस माह्या स्वेटरनं जितली."

"काही अंशी."

"अंशी म्हणे! काढा तो आता. धुवाले टाकतो."

"थोड्या वेळाने. आधी काम आहे."

मी कोठीतून मोजणीची फीत, हातोडी, चार खुंट्या आणि सुतळी घेतली. फितीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागते. मी काही म्हणालो नव्हतो. ती चप्पल घालून निघाली. मैदानात पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. ज्या ठिकाणी मी उभे राहून अकरा ओळी वाचायच्या होत्या, तेथे पहिली खुंटी ठोकली. चाळीस फूट लांबी, पंचवीस रुंदी, दार पूर्वेला.

"घट्ट धर. सैल सोडू नकोस."

"धरलं त हाय. तुमीच वाकडे चालून राहिले."

हातपंपावरच्या बायांनी विचारले, पुन्हा नारळ हाय काय? पत्नीने परस्पर उत्तर दिले, "नाई वो, आता विटा."

चौथी खुंटी ठोकली. सुतळी बांधली. दोन्ही कर्ण मोजले, सारखे भरले. खिशातला माफीनामा काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर चारही मापे लिहिली, खाली तारीख टाकली. मग फितीची माती पुसली आणि ती गुंडाळून ठेवली.