आत्याबाई आणि डी ड्राइव्ह

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं. आत्या मी. भाची कॅलिफोर्नियात, मी सातारा रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आणि दोघींना जोडणारा संगणक नेमका बारशाच्या सकाळी बंद पडला.

खरं तर आई बाळंतपणाला तिकडे जाणार होती. डिंकाचे लाडू करून झाले होते. तेवढ्यात बाबांची बायपास निघाली आणि आई राहिली. नात तिला फक्त ई-मेलनं आलेल्या फोटोंत दिसली होती, तीही प्रत्येक फोटोत झोपलेली. नाव मी फोनवरूनही सांगू शकले असते. आईला मात्र नातीला हलताना बघायचं होतं. त्यासाठी दादानं वेबकॅम पाठवला होता. तिकडे शनिवारी संध्याकाळी बारसं, म्हणजे इकडे रविवारी सकाळी.

मी उजाडता उजाडता मार्केट यार्डातून शेवंती आणली. इथे पाळणा नाही, मग सजवायचं काय, म्हणून आईनं माळ करून मॉनिटरलाच घातली. बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, "अगं, तो गेल्यासारखा वाटतोय."

बाबांच्या तोंडात काय होतं कोण जाणे. मी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: एक फाइल सापडत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"मॅडम, आज रविवार आहे."

"माहीत आहे मला."

"मग?" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मग दादाची व्यवस्था आठवली. दादा म्हणजे कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस. परदेशी जायच्या आधी त्यानं हार्ड डिस्कचे दोन भाग केले होते. सी मध्ये रोजचं चालणारं सगळं, आणि डी मध्ये प्रत्येक सीडीची नक्कल. विंडोज, मोडेमचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, सगळं. शिवाय बसवताना संगणक जे जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं त्यानं आधीच लिहून ठेवली होती. सी बिघडलं, तर एक फ्लॉपी घालायची, एक आज्ञा द्यायची आणि बाजूला व्हायचं. बाकी सगळं डी मधून आपोआप. वेबकॅम आला तेव्हासुद्धा त्यानं फोनवर बोलत बोलत माझ्याकडून त्याची सीडी डी मध्ये उतरवून घेतली होती. मी तेव्हा भरपूर वैतागले होते.

फ्लॉपी देवघराच्या खणात निघाली, कापराच्या डबीशेजारी. जपून ठेव म्हटलेली वस्तू आमच्याकडे तिथेच जाते. आत घातल्यावर ती बराच वेळ नुसती करकरली. आई हात जोडून उभी. अखेर निळा पडदा आला आणि फाइली उतरायला लागल्या. पडद्यावर प्रश्न यायचा, आम्ही वाचेपर्यंत त्याचं उत्तर भरलेलं असायचं आणि पुढचं पान आलेलं असायचं.

"हे कुणाला काही विचारत कसं नाही?" आई म्हणाली.

"तुझ्या मुलानं केलंय. त्यानं तरी जाताना कुणाला विचारलं होतं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण आई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "काम तर करतंय ना?"

मध्येच संगणक स्वतःच बंद होऊन पडदा काळा झाला. आईचं बोट बटणाकडे निघालं.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "पोळी नाहीये ती, उलटायला."

पडदा पुन्हा उजळला. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी दादावर रागावत बसले. सगळ्याची सोय लावून हा निघून गेला. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर मी एकटी होते. त्याचं उत्तर कुठल्या डी मध्ये ठेवलं होतं त्यानं? पण समोर एकेक गोष्ट तो सांगून गेला तशीच बसत होती, आणि रागाच्या जोडीला मला त्याची फार आठवणही येत होती. तो राग त्या दिवशी गेला, असं मी म्हणणार नाही. थोडा सरकला.

वेबकॅमचा हिरवा दिवा लागला तेव्हा मी मोठ्यानं "लागला!" म्हणून ओरडले. बाबांनी छातीवर हात ठेवला. आम्ही दोघी घाबरून वळलो, तर ते म्हणाले, "काही नाही, बरं वाटलं."

थोड्या वेळानं पडद्यावर चौकोन चौकोन होत दादा आला, वहिनी आली आणि वहिनीच्या मांडीवर ती. वहिनीनं हेडफोन तिच्या कानाजवळ धरला. मी माइक तोंडाशी घेऊन कुर्रर्र केलं आणि हळूच नाव सांगितलं. लगेच पाठीत धपाटा बसला. नाव सांगितलं की जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. इथे आई एकटीच होती, तर तिनं सगळ्यांच्या वाटणीचे घातले. इतका मार खाऊन इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

चित्र उशिरा पोचत होतं. आमचं हसून झाल्यावर पडद्यावर बाळानं डोळे उघडले आणि आवाज आला त्या बाजूला मान वळवली. आईचा हात माझ्या पाठीवरच थांबला.

"परत सांग," ती म्हणाली. "जागी आहे ती."