खंडेनवमीची बॅच

वाशीमजवळ आमचा छोटा कारखाना आहे. सोयाबीनच्या तेलापासून आम्ही रंगात घालायचं रेझिन बनवतो. काम ऐकायला अवघड, समजायला सोपं. गरम भांड्यात तेल, ग्लिसरीन आणि आम्ल एकमेकांचे हात धरत जातात, साखळ्या वाढतात, माल दाट होतो. हवा तेवढा दाट झाला की थांबवायचं. वेळ चुकली तर साखळ्या आडव्याउभ्या अडकतात आणि आतला सगळा माल मिळून एकच रबरी गोळा होतो. तो वितळत नाही, कशात विरघळत नाही. मग भांडं थंड करून छिन्नी-हातोडा घेऊन माणसानं आत उतरायचं. त्यातही भांडं खराब होतंच, आणि आमच्याकडे भांडं एकच.

मागच्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच बॅच चढवली होती. तेलाचा टँकर आला म्हणून मी फाटकाशी गेले. परत येताना माल ढवळणाऱ्या स्टररची घरघर ऐकू येईना. आत पाहते तर भांडं सांभाळणारे भाऊ, केनवडचे, नवा सदरा घालून उभे, आणि पॅकिंगच्या मावशी मोटरीला झेंडूचा हार घालताहेत.

"स्टरर काहून बंद केला, भाऊ?"

"पूजा करून राह्यलो ना, ताई. फिरत्या मशीनले कुंकू कसं लावाव?"

"अन् खालचा बर्नर?"

भाऊंनी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "त्याची पूजा व्हाची हाय अजून."

म्हणजे माल ढवळल्याशिवाय तळाला शिजत होता. मी बर्नर बंद केला, भांडं गार करणाऱ्या पाण्याच्या नळीचा कॉक उघडला आणि हार काढून स्टरर सुरू केला. मोटर कण्हली, पण फिरली. काचेवर एक थेंब घेतला, गार केला, बोटानं ओढला. पाकाची तार बघतो तसंच. चांगल्या मालाची तार लांबते आणि तुटते. ही लांबली आणि रबरासारखी मागे आली.

अशा वेळेसाठी सोयातेलातून काढलेलं आम्ल आम्ही बाजूला ठेवतो. त्याला एकच हात. ते मोकळा हात धरतं आणि साखळी तिथंच संपते. भाऊंनी ते बेताबेतानं सोडलं. आता वाट बघण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

"ताई, नारळ फोडू काय?"

"थांबा. हे नाही सुटलं तर भांडंच फोडा."

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊंना हसू येत नव्हतं. आत उतरायची पाळी त्यांचीच होती.

चौथ्या थेंबाची तार तुटली. भाऊंनी स्वतः पुन्हा ओढून पाहिली, मग आणखी एकदा. माल थिनरच्या टाकीत सोडला तेव्हा गाळणीवर साबुदाण्याएवढ्या गाठी राहिल्या, बाकी सगळा खाली उतरला. वाळायला थोडा जास्त वेळ घेत होता, पण लोखंडावर आधी लावतात त्या अस्तराच्या रंगाला चालला. दुपारी रिकाम्या भांड्याची पूजा झाली.

यंदा मी आधीच सांगून टाकलं, खंडेनवमीला बॅच नाही.

"मंग पूजा जरा सावकाश करू," भाऊ म्हणाले.

केली. मावशींनी बर्नरलाही कुंकू लावलं. मी खुर्ची ओढून बसले आणि खोबरं खाल्लं.