वास येत नाही

ट्रक अड्ड्यासमोर मामांचं दुकान होतं. लांबच्या प्रवासाला निघालेले, तंबू ठोकून राहायला जाणारे, सगळे पाण्यासाठी कॅन घ्यायला तिथेच येत. स्टीलचा जड, पण निर्धोक. पातळ प्लास्टिकचा उन्हात मऊ पडतो. तोंड हात जाईल एवढं रुंद हवं, नाहीतर आतून घासणार कसा, हे मामा प्रत्येकाला ऐकवत. ड्रायव्हर मंडळींना मात्र कारखान्यांतून आलेले जुने, जाड कॅन आवडत, कारण ते आपटले तरी फुटत नसत. त्यांत आधी काय भरलेलं होतं, हे कोणालाच ठाऊक नसे. मामा गरम पाणी घालून कॅन खळखळून हलवत, तोंडाशी नाक नेत आणि म्हणत, "वास येत नाही." एवढ्यावर गिऱ्हाईक कॅन उचलून चालू लागे.

"मामा, नाकाचा विमा उतरवा," मी एकदा म्हणालो.

"हप्ते तुम्ही भरणार असाल तर उतरवतो."

त्या हिवाळ्यात मामा तापाने अंथरुणाला खिळले. उठले, पण वास गेला तो गेलाच. मामींना ते कळलं दूध करपलं तेव्हा. मामा शेगडीजवळच पेपर वाचत बसले होते. "दुकानात बोलू नकोस, येईल परत," त्यांनी बजावलं. जुने कॅन मात्र त्यांनी मागच्या खोलीत टाकले. हे सगळं मामींनी मला पुढे सांगितलं.

मामांचा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. फेरीवर निघताना त्याने मागच्या खोलीतला एक निळा कॅन स्वतःच उचलून आणला.

"नवा ने की," मामा म्हणाले.

"नवा दोन फेऱ्यांत चिरतो, दादा. हुंगून दे जरा. माझं नाक चोंदलंय."

दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मामांनी गरम पाणी घालून कॅन हलवला, नाक आत घातलं. "वास येत नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं.

फेरी अर्धवट टाकून धाकट्याला दवाखान्यात आणलं, तेव्हा मीही गेलो. त्याचे ओठ सोलले होते, घशातून आवाज फुटत नव्हता. पोटात काय गेलं, डॉक्टर विचारत होते.

"हॉटेलचं जेवण बाधलं असेल," मामांची भावजय म्हणाली. "पाणी तर घरचं होतं. आणि कॅन भाऊजींनी हुंगून दिलाय."

जेवणाची चौकशी करण्यात दिवस गेला. संध्याकाळी मामा बाकावरून उठले.

"डॉक्टर, वास येत नाही."

"हो, सांगितलं ना यांनी."

"कॅनला नाही. मला."

भावजयीला लगेच समजलं. डॉक्टरांना जरा वेळ लागला.

ट्रकमधून कॅन आणवला. दिवसभर बंद केबिनमध्ये तापलेल्या कॅनचं झाकण फिरवताच आम्ही नाकाला रुमाल लावून मागे सरलो. पिकावर फवारायचं औषध, डॉक्टर म्हणाले. मामा तेवढे जागचे हलले नाहीत. वाकून त्यांनी नाक आत घातलं, छाती भरून श्वास घेतला आणि आमच्याकडे पाहिलं.

"येतो का?"

भावजयीने त्यांना बाजूला करून झाकण घट्ट लावलं. धाकटा दुसऱ्या दिवशी गेला.