पायांतली साखर

ग्वारीघाटावर सकाळी पोहायला येणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना दीदी म्हणायचे. कुठल्याशा कॉलेजात त्या शरीरशास्त्र शिकवत. पाण्यात उतरण्याआधी त्या आपले दंड आणि मांड्या हलकेच थोपटायच्या, झोपलेल्या लेकराला थोपटावं तशा.

"कालच्या भाताची साखर होऊन इथे साठली आहे," त्या म्हणायच्या. "ग्लायकोजेन म्हणतात त्याला. यकृत आपला साठा साऱ्या अंगाला वाटते. स्नायू मोठा आपमतलबी. स्वतःचं दुसऱ्याला देतच नाही."

एकदा दीदींसोबत पलीकडच्या काठावरून पोहत परतताना नर्मदेच्या मधोमध माझे हात गळून गेले. धुक्यात दोन्ही काठ दिसेनात. वरही पांढरं, खालीही पांढरं. आपण कुठेच नाही असं वाटायला लागलं, आणि बुडणंसुद्धा झोपेसारखं गोड वाटलं. तेवढ्यात अगदी कानाशी त्यांचा आवाज आला.

"काहून घाबरून राहिले, भाऊ? हात थकले तर राहू द्या. पाठीवर व्हा. पायांतली साखर पायांतच आहे. चलो, पाय मारा."

आभाळाकडे तोंड करून मी पाय मारत राहिलो. त्यांचा एक हात माझ्या मानेखाली होता. नदीच आम्हाला अलगद नेते आहे, असं वाटत होतं. शेवटी पाठीला घाटाची पायरी लागली.

वर बसून चहा घेताना त्यांनी कप दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

"दीदी, थंडी वाजून राहिली का?" मी विचारलं.

"नाही भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "मी तुमच्याहून जास्त घाबरली होती."