गुरुदासाची पेटी आणि गंगेची फुगडी

गुरुदास गवस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेला होता प्रेशर कुकर आणायला. शहाण्णव सालची गोष्ट. जुन्यापुराण्या वस्तू मांडून बसलेल्या एका माणसाकडे त्याला काळी, चपटी, बटणांनी भरलेली एक पेटी दिसली. बटण दाबलं की आतून ढोल वाजे, दुसरं दाबलं की झांज. गुरुदास तिथेच विरघळला. संध्याकाळी कारापूरला घरी आला तेव्हा पिशवीत कुकर नव्हता, ड्रम मशीन होतं.

गंगेने ते उलटंपालटं करून पाहिलं. "ह्येच्यात भात शिजता?" एवढंच विचारलं आणि चुलीकडे वळली.

गुरुदास मूळचा दोडामार्गाकडचा. खाणीच्या ट्रकांची वायरिंग दुरुस्त करता करता कारापूरला आला आणि तिथलाच झाला. पेटीबरोबर माहितीचं पुस्तक मिळालं नव्हतं, पण ज्याने आयुष्यभर ट्रकवाल्यांनी तोडूनमोडून ठेवलेल्या वायरींची गुंतवळ सोडवली, त्याला पुस्तकाचं काय कौतुक? महिनाभर दाब हे, दाब ते करत त्याने पेटी बोलती केली. आतल्या एका मोठ्या ढोलाचा सूर खाली खाली उतरवला आणि त्यातून घुमटाचा, मातीच्या मडक्याला चामडं ताणून केलेल्या वाद्याचा, आवाज काढला. विलायती घंटी होती, ती वर चढवून तिचं घुमटाच्या साथीला लागणारं काशाचं कांसाळं केलं. मग त्याच्या अंगात आलं म्हणायला हरकत नाही. भजनाचा ठेका खाली, वर डिस्को. ख्रिस्ती वाड्यांवरच्या दुल्पद गाण्याच्या झुलत्या चालीत मध्येच शिगम्याच्या मिरवणुकीतलं ढोलताशांचं रोमट. हे असं एकत्र करू नये, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

लोक आधी हसले. मग लग्नांना बोलावू लागले. शेजारचा भिकाजी चांगला मुरलेला पखवाजी, तोही नाक मुरडत यायचा आणि निघताना मान डोलवत जायचा. सगळ्या गावाला पेटी आवडली. फक्त घरात मान्य नव्हती.

गंगा फुगडीतली म्होरकी. चवथीला गणपतीपुढे बायका गोल धरायच्या त्या गंगेच्या पायाकडे बघून. गुरुदासाची आयुष्यात एकच हौस होती: गंगेने एकदा, एकदाच, आपल्या पेटीवर फुगडी घालावी. दर चवथीला तो विचारायचा आणि दर चवथीला उत्तर ठरलेलं.

"माणूस दमता, श्वास घेता. तुमची पेटी कोणासाठी थांबता? माजे पाय तिची चाकरी करूचे नाय."

आणि खरं सांगायचं तर गंगेचं चुकत नव्हतं. पेटी एकदा सुटली की सुटली. वेग बदलायचा तर आधी ती बंद करा, मग आकडे फिरवा, मग पुन्हा सुरू करा. तोवर फुगडी संपून बायका चहाला बसलेल्या असायच्या. म्हणून फुगडी सुरू झाली की गुरुदास स्वतःच पेटीची वायर काढून ठेवायचा. मला विचाराल तर त्या वायर काढण्यातच त्याचं निम्मं प्रेम होतं.

पण गंगेचं एक होतं. पेटीला कितीही नावं ठेवली तरी खंडेनवमीला ती पक्कड, पाने, टेस्टर मांडायची आणि शेजारी पेटीही मांडायची. पहिल्या वर्षी पेटी घरात येऊन तिसऱ्याच दिवशी खंडेनवमी आली. गंगेने ओलं कुंकू घेतलं आणि पेटीच्या उजव्या कोपऱ्यात एका बारक्या बटणावर गच्च टिळा लावला. दर वर्षी तिथेच, टिळ्यावर टिळा. तिथे बटण आहे हेही गुरुदास कालांतराने विसरला. आठवलं असतं तरी पूजेच्या कुंकवावर बोट कोण ठेवणार?

अशी बावीस वर्षं गेली. खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदारी गंजत उभे राहिले, गुरुदासाच्या हातांना काम उरलं नाही. गंगेचा गुडघा धरू लागला. त्या वर्षी श्रावणातच तिने जाहीर करून टाकलं, "ही शेवटची चवथ. फुडल्या वर्साक शांता म्होरकी." शांता म्हणजे भिकाजीची बायको. गुरुदासाने मनात हिशेब केला. बावीस वर्षं विचारत आलो, आता विचारायला एवढी एकच चवथ उरली.

चवथीच्या आठवडाभर आधी तो पेटीवरची बुरशी पुसत बसला होता. फडकं कोपऱ्यात लागलं आणि कुंकवाचा तो वाळलेला थर खवल्यासारखा सुटून हातात आला. गुरुदासाने जीभ चावली. थर तुळशीत नेऊन ठेवला, हात जोडले आणि परत आला. खाली बटण होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, टॅप.

टॅप म्हणजे नळ, एवढं त्याला ठाऊक होतं. पेटीला नळ कशाला?

त्याने ठेका लावला आणि बटण एकदा दाबलं. काही झालं नाही. बाहेर गंगा विहिरीपाशी कपडे आपटत होती, धप, धप, धप. चाळा म्हणून त्याने त्या आवाजावर बोट आपटलं. तीनचार वेळा आपटलं असेल, आणि पेटीने आपली चाल सोडून गंगेच्या कपड्यांची चाल धरली. गंगा दमून सावकाश झाली. त्याने बोट सावकाश केलं. पेटी सावकाश झाली.

गुरुदासाने पेटी बंद केली. बावीस वर्षं पेटी माणसासाठी थांबायला तयार होती, आणि तिच्या तोंडावर बायकोने कुंकू थापून ठेवलं होतं! त्याला हसू येईना नि रडूही येईना. गंगेला त्याने काही सांगितलं नाही.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याच घरी, गणपतीपुढे, बायकांनी गोल धरला. गुरुदास पेटी घेऊन जनेलाशी, खिडकीच्या उजेडात बसला. ह्या वेळी विचारलं नाही. गंगेने डोळे वटारले, पण गाणं सुरू झालं होतं. त्याने तिच्या डाव्या पायावर नजर ठेवली आणि बोट हलवलं. हळूच घुमट उठलं.

दुसऱ्या कडव्याला गंगेचा गुडघा अडला. पाऊल आखूड पडलं. बायका अडखळणार, तेवढ्यात घुमटही आखूड झालं, तिच्यासाठी थांबलं आणि तिच्याबरोबर पुढे निघालं. गंगेने चमकून जनेलाकडे पाहिलं. मग मात्र ती चेकाळली. मुद्दाम वेग वाढवला, मध्येच सोडला, पुन्हा वाढवला. गुरुदासाच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि बोट काही चुकत नव्हतं. शेवटचा "फू" करून बायका हसत हसत खाली बसल्या तेव्हा दारात उभ्या भिकाजीने कान पकडले.

गंगा धापा टाकत एवढंच म्हणाली, "चाय घेतलात?"

गुरुदास हिरमुसला. त्याला वाटलं होतं, निदान एक शब्द तरी बोलेल. महिना गेला, तिने पेटीचं नावही काढलं नाही.

खंडेनवमीला गंगेने नेहमीसारखी हत्यारं मांडली. पक्कड झाली, टेस्टर झाला. पेटीपाशी आल्यावर कुंकवाचं बोट कोपऱ्याकडे गेलं आणि वाटेत थांबलं.

"ह्यां बटन उघडां ठेवूचां मां?"

गुरुदासाने चपापून मान हलवली. म्हणजे हिला सगळं कळलं होतं.

"हात फुडे करा."

"कित्याक?"

"करा म्हणतंय ना."

त्याने हात पुढे केला. गंगेने त्याचं उजवं बोट धरलं, त्याच्या टोकाला ओलं कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, आणि हत्यारांना करतात तसा त्या बोटाला वाकून नमस्कार केला.