पणदऱ्याच्या आबांचा बुद्धिभ्रंश

वार्धक्यात बुद्धीचा दिवा मंदावणे हा सृष्टीचा अटळ नियम आहे. हे मी माझ्या दवाखान्यात सोपानरावांना इतक्या गंभीर आवाजात सांगितलं, की मला स्वतःविषयी आदर वाटला. त्यांनी मान हलवली आणि खिशातून सरकारी फॉर्म काढून माझ्यापुढं ठेवला.

त्यांचे वडील, आबा, पासष्टीचे. चार महिन्यांत ते माणसं ओळखेनासे झाले होते. बोलताना अडखळत, भर दुपारी उसात शिरून मेलेल्या भावाला हाका मारत. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सेनाइल डिमेन्शिया' लिहिलं होतं. म्हणजे म्हातारपणाचा बुद्धिभ्रंश; इंग्रजीत लिहिला की तो निदान वाटतो. आता आबांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं होतं. तिथून परतलेला म्हातारा पणदऱ्यात कुणी पाहिला नव्हता.

"तुमची सही झाली की सोमवारी नेतो," सोपानराव म्हणाले.

मी सही करणारच होतो. पण फॉर्मवर छापलं होतं, 'रोग्यास मी आज समक्ष तपासले आहे.' आबांना मी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. बारामतीहून सोपानरावांबरोबर एस.टी.नं पणदऱ्याला गेलो.

आबा ओसरीवर बसले होते.

"डाक्टर आल्यात, आबा," सोपानराव म्हणाले.

"कशाचा डाक्टर? तलाठी हाय ह्यो. च्या दिऊ नगा त्याला."

आबांच्या कपाळभर पुटकुळ्या होत्या. त्या म्हातारपणानं येत नाहीत. सुनेला, हौसाबाईंना, विचारलं, "औषध काय चालू आहे?"

"झोपंचं. तुमचंच की." त्यांनी कोनाड्यातून बाटली आणली. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी झिजून गेली होती.

ते औषध मी आठ दिवसांसाठी दिलं होतं. त्यात ब्रोमाइड होतं. तेव्हा झोपेसाठी सर्रास तेच देत. पण रिकामी बाटली दवाखान्यात आली की कंपाउंडर ती भरून देई. आबांची बाटली दर शनिवारी दुधाच्या गाडीनं येई. सोबत आबा असण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

"आणि जेवण?"

"अळणी. ब्लडप्रेशरला मीठ बंद म्हनला हुता न्हवं? भाकरीतबी घालत न्हाय मी."

हेही मीच सांगितलं होतं. शरीराला मीठ मिळालं नाही, की ते ब्रोमाइड बाहेर टाकायचं सोडून साठवत बसतं. साठलेलं ब्रोमाइड मेंदूवर चढतं. आबांना म्हातारपण बाधलं नव्हतं, माझे दोन सल्ले बाधले होते.

बाटली मी पिशवीत टाकली. "मीठ सुरू करा. पाणी भरपूर पाजा."

"आन फारम?" सोपानराव म्हणाले.

"राहू द्या महिनाभर."

"मिठानं याड जातंय व्हय, डाक्टर?"

"हे जाईल, बहुतेक."

तिसऱ्या आठवड्यात सोपानराव दवाखान्यात आले, ते हसतच. "काल आबा पाटाच्या पाण्याच्या पाळीवरनं शेजाऱ्यासंगं भांडलं. पाळी आमचीच हुती, तारखेसकट सांगितलं."

मला इतकं हायसं वाटलं, की मी कंपाउंडरला चहा पाजला आणि रोगी पाहिल्याशिवाय बाटली भरायची नाही, असं बजावलं. कुणी विसरायला लागला, तर आधी त्याची औषधाची बाटली पाहावी, एवढं मी त्यातून शिकलो.

पूर्ण शुद्धीवर आल्यावर आबांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि डॉक्टर बदलला.