कॉलरवाल्या मावशींची डुलकी

आमच्या शिवणकारखान्यात मावशी फक्त कॉलरी शिवायच्या. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यांची उठाठेव. दुपारचा डबा संपला की मशीनवर डोकं टेकायच्या आणि घोरायला लागायच्या. घोरणंही साधंसुधं नाही, खिडकीच्या काचा थरथरायच्या. मध्येच ते एकदम बंद पडायचं. मग आम्ही मोजायला लागायचो. आकडे आधीच सांगितलेले असायचे. श्वास परत आला की ज्याचा आकडा सर्वांत जवळचा, त्याला आयता चहा. उच्चांक बावन्न. हा खेळ माझ्याच सुपीक डोक्यातून निघाला होता.

एकदा शिवतानाच त्यांचा डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार गेली. मालकानं तपासून यायला सांगितलं. सोबत मी गेलो.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मानेला टेप लावला. "सैल धरलाय बाई," मावशी म्हणाल्या, "आत बोट जातंय." बाईंना हसू आलं. मग आ करायला लावून घशात बॅटरी मारली, नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर आतलं दाखवलं. खालचा जबडा जन्मापासूनच मागे, जीभ घशाकडे रेललेली, हवेला वाट जेमतेम.

"झोपेत यांचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय?" बाईंनी मला विचारलं. "पाहिला असेल तर झोपेची तपासणी याच आठवड्यात लावते. नाहीतर तीन महिन्यांची रांग आहे."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. बावन्न अगदी ओठांवर आलं होतं. पण मग उठवलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं असतं तर?

"छे हो, नुसत्या घोरतात," मी म्हणालो. लाज वाटली, पण शब्द काही मागे घेतला नाही.

"तू होतास म्हणून धीर आला रे," परतताना मावशी म्हणाल्या.

दोन दिवस मी मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आकडा विचारला आणि मी चाळीस सांगून टाकला.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी घोरणं थांबलं. बावन्नला टाळ्या पडल्या, ऐंशीला शिट्टी. शंभरनंतर कुणी मोजलंच नाही, कारण चहावरून जुंपली होती. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मशीनं सुरू झाली, मावशींचं तेवढं बंद राहिलं. आणि मी अजून ओरडून सांगत होतो की सर्वांत मोठा आकडा माझा होता, चहा माझाच.